सेकंदाला हजार हाका

इलेक्ट्रिक गाडीसाठी भिंतीवर बसवतात तो चार्जर कधी उघडलेला पाहिलाय? मेन स्विच बंद करून वायरमनला झाकण काढायला सांगा आणि डोकवा. एक जाडजूड रिले दिसेल, म्हणजे विजेवर उघडझाप होणारा स्विच. शेजारी करंट मोजणारी एक कडी, बोटभर लांबीचं सर्किट, दोन-तीन दिवे. एवढंच! बॅटरी चार्ज करणारं यंत्र त्या डब्यात नसतंच. ते गाडीच्या पोटात असतं, कारखान्यातून निघाल्यापासून.

मग हजारो रुपये मोजून आपण भिंतीवर नेमकं काय टांगतो? तो डबा गाडीशी बोलतो. तारेतून किती वीज ओढायला हरकत नाही ते गाडीला सांगतो, धोका दिसला की वीज तोडतो, आणि गाडीला हा निरोप तो सेकंदाला हजार वेळा देतो. बदलापूरच्या शिरगावात, कात्रपच्या किंवा आपटेवाडीच्या बाजूला एखाद्या इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये असा डबा बसवायचा विचार चालला असेल, तर ही गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. कारण ती कळली की डब्याच्या किमतीकडे आणि किलोवॅटच्या आकड्याकडे बघायची नजरच बदलते.

सुरुवात बॅटरीपासून करू. बॅटरीला फक्त एकाच दिशेनं वाहणारी वीज चालते, म्हणजे डीसी. महावितरणकडून घरात येते ती एसी. ती सेकंदाला पन्नास वेळा पुढे जाते आणि पन्नास वेळा मागे येते. म्हणजे दर सेकंदाला शंभर वेळा ती चक्क शून्यावर असते! असली हिंदकळणारी वीज बॅटरीला थेट जोडली, तर एका क्षणी भरलेलं पुढच्या क्षणी उपसलं जाईल. मधे कुणीतरी तिला सरळ करायला हवं. प्रश्न फक्त इतकाच, की ते काम कुठे करायचं? गाडीच्या बाहेर, की आत?

शिरगावकर रोज ज्या लोकलनं कामावर जातात, त्या लोकलनं या प्रश्नाची दोन्ही उत्तरं जगून पाहिली आहेत. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. तेव्हा वीज सरळ करण्याचं काम रुळांच्या कडेला उभ्या असलेल्या सबस्टेशनांमध्ये व्हायचं. गाडीला तयार डीसी मिळायची. पुढे रेल्वेनं मुंबईची उपनगरी वाहतूक टप्प्याटप्प्यानं २५,००० व्होल्ट एसीवर नेली. २०१६ मध्ये हार्बर मार्गावर हे काम झालं आणि मुंबईतलं डीसीपर्व संपलं. आजची लोकल वरच्या तारेतून एसी घेते आणि तिचं रूपांतर स्वतःच्या डब्याखालच्या यंत्रात करते. जे काम पूर्वी स्टेशनालगतच्या इमारतीत चालायचं, ते आता तुमच्या पायांखाली, धावता धावता चालतं.

इलेक्ट्रिक कारच्या चार्जिंगचे दोन प्रकार म्हणजे याच दोन पद्धती. हायवेवरचा फास्ट चार्जर कपाटाएवढा असतो, कारण वीज सरळ करणारी सगळी यंत्रणा त्याच्या पोटात असते. तो तयार डीसी थेट बॅटरीत ढकलतो. घरी मात्र गाडीला एसीच मिळते. तिची डीसी करणारा ऑनबोर्ड चार्जर गाडीच्या बॉनेटखाली किंवा मागच्या बाजूला कुठेतरी बसवलेला असतो.

हा ऑनबोर्ड चार्जर करतो काय? आधी तो हिंदकळणाऱ्या विजेला एका दिशेला लावतो. मग तिचे सेकंदाला लाखभर तुकडे पाडतो. होय, लाखभर! इतकी उठाठेव कशासाठी? वीज ट्रान्सफॉर्मरमधून न्यायची असते, म्हणजे बॅटरीचा आणि तुमच्या भिंतीतल्या तारांचा थेट संबंध उरत नाही. आणि ट्रान्सफॉर्मरचा एक अजब नियम आहे: विजेची उलटापालट जितक्या वेगानं होईल, तितका तो लहान चालतो. सेकंदाला पन्नास हेलकाव्यांवर हेच काम करायचं तर कित्येक किलो लोखंड आणि तांबं गाडीतून वाहून न्यावं लागलं असतं. लाखभर हेलकाव्यांवर तोच ट्रान्सफॉर्मर तळहातावर मावतो. मोबाईलचा चार्जर एवढासा असतो, त्याचंही कारण हेच.

आता खरेदीचा पहिला धडा आपोआप समोर येतो. चार्जिंगचा वेग एकट्या भिंतीवरच्या डब्याच्या हातात नसतो. त्याची वरची मर्यादा गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ठरवतो.

भारतात घरगुती चार्जिंगचे ढोबळ मानानं तीन मार्ग आहेत. पहिला, गाडीबरोबर येणारी पोर्टेबल केबल आणि १५-१६ अँपियरचा पॉइंट, म्हणजे एअर कंडिशनरला किंवा गिझरला असतो तसा. यातून साधारण ३.३ किलोवॅटपर्यंत वीज मिळते. दुसरा, भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा डबा. तो सिंगल फेजवर ३२ अँपियरपर्यंत देतो. तिसरा, थ्री फेजवरचा ११ किलोवॅटचा. यात प्रत्येक फेजवर १६ अँपियर असतात. गुणाकार करून बघा: २३० गुणिले १६ गुणिले ३, म्हणजे ११,०४० वॅट. पण तुमच्या गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल, तर ७.२ काय आणि २२ काय, कुठल्याही डब्याला जोडा, गाडी घेणार ३.३ च. तेव्हा दुकानात शिरण्याआधी गाडीच्या माहितीपुस्तकातला हा एक आकडा शोधा. सगळा बाजार त्यानंतर.

पुढचा प्रश्न असा, की मुळात आपल्याला लागतं किती?

समजा, तुम्ही शिरगावहून ठाण्याला किंवा ऐरोलीला कामाला जाता. जाऊन-येऊन सत्तरच्या आसपास किलोमीटर धरू. छोटी इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये सातेक किलोमीटर सहज जाते. म्हणजे दिवसाला लागली दहा युनिट वीज. रूपांतरात थोडी उष्णता होऊन वाया जाते, म्हणून मीटरवर साडेअकराच्या आसपास पडतील.

दहा युनिट म्हणजे किती, याचा अंदाज घ्या. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटइतकी ऊर्जा असते. म्हणजे तुमचा ठाण्यापर्यंतचा जाण्यायेण्याचा सगळा प्रवास सव्वा लिटरही पेट्रोल नसेल एवढ्या ऊर्जेत होतो! पेट्रोलचं इंजिन तेवढ्या ऊर्जेतली बरीचशी उष्णता करून हवेत सोडून देतं. विजेची मोटर त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास चाकांपर्यंत पोचवते. सगळा फरक इथे आहे.

आणि हेच दहा युनिट पाण्यात मोजले तर? कर्जतजवळच्या भिवपुरीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून चालू आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी तिथे पाइपांतून पायथ्याशी पडतं, टर्बाइन फिरवतं आणि उल्हास नदीत उतरून बदलापूरकडे येतं. पाचशे मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्यापासून दहा युनिट काढायचे, तर काहीही वाया गेलं नाही असं धरूनही सात हजार लिटरांहून जास्त पाणी लागेल. टँकरभर पाणी अर्धा किलोमीटर खाली कोसळतं, तेव्हा कुठे एक माणूस गाडीनं ठाण्याला जाऊन परत येतो. एकाच रकमेचे हे दोन हिशोब. एकदा ती किती थोडी वाटते, एकदा केवढी प्रचंड!

तर साडेअकरा युनिट. ३.३ किलोवॅटनं भरायला लागतात साडेतीन तास. गाडी पार्किंगमध्ये उभी असते रात्री नऊ-दहापासून सकाळी सात-आठपर्यंत. पॉइंट जुना आहे म्हणून दहाच अँपियर ओढायचे ठरवले, तरी पाच तासांत काम होतं. मटकी आपण रात्री पाण्यात टाकतो आणि झोपतो. ती भिजायला किती तास लागले याची चौकशी सकाळी कुणी करत नाही. घरचं चार्जिंगही तसंच असतं. पेट्रोल पंपावर माणूस ताटकळतो, म्हणून तिथे मिनिटाला किंमत. इथे गाडी उभीच असणार आहे, तर वेळ फुकट आहे. म्हणून रोज शंभर किलोमीटरच्या आत धावणाऱ्या गाडीला साध्या १६ अँपियरच्या पॉइंटवर एक रात्र पुरते. रोज दोनशे किलोमीटर फिरणारा टॅक्सीवाला, किंवा घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असलेलं कुटुंब, यांच्यासाठी ७.२ चा डबा घेण्यात अर्थ आहे.

सावकाश चार्जिंगचा आणखी एक फायदा बॅटरीच्या आत होतो. तिथे लिथियमचे आयन ग्राफाइटच्या एकावर एक रचलेल्या थरांमध्ये शिरून बसतात. घाई केली तर आत जायला वाव मिळत नाही, आणि काही लिथियम थरांच्या बाहेरच धातू होऊन साचतो. तो मग पुन्हा कामाला येत नाही. रात्रभर हळूहळू येणाऱ्या विजेत प्रत्येक आयनला आपली जागा शोधायला सवड असते. भारतातल्या बऱ्याच लोकप्रिय गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या असतात. त्यांतला एकेक सेल जेमतेम ३.२ व्होल्टचा. असे शंभर सेल एका रांगेत जोडले की ३२० व्होल्ट होतात. हा पदार्थ बॅटरीत चालतो, हे जगाला सांगणारा शोधनिबंध १९९७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. त्यावरची पहिली दोन नावं वाचा: पाढी आणि नंजुंडस्वामी! तिसरं नाव जॉन गुडइनफ यांचं, ज्यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल इतर दोघांबरोबर मिळालं.

आता त्या हजार हाकांकडे येऊ.

गाडीत घालतो त्या गनचं तोंड नीट पाहा. भारतात रूढ झालेल्या टाइप टू गनमध्ये सात पिना असतात. पाच मोठ्या: तीन फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ. दोन बारीक, आणि त्या दोघी वीज वाहून नेण्यासाठी नसतातच. त्या बोलण्यासाठी असतात.

गन हुकला टांगलेली असताना मोठ्या पिनांमध्ये वीज नसते. अजिबात नसते. रिले उघडा असतो. फक्त एका बारीक पिनेवर १२ व्होल्ट असतात, टॉर्चच्या सेलांइतकेच निरुपद्रवी. तुम्ही गन गाडीत घालता आणि गाडीच्या आतला एक रेझिस्टर ते १२ व्होल्ट खाली ओढून ९ करतो. डब्याला कळतं: कुणीतरी आलंय. आता डबा सेकंदाला हजार वेळा या वेगानं स्पंदनं पाठवायला लागतो, एकदा वर १२ व्होल्ट, एकदा खाली उणे १२ व्होल्ट. खरी गंमत इथे आहे. स्पंदन वर किती वेळ राहतं आणि खाली किती वेळ, यात निरोप दडलेला असतो. शंभरातला २७ भाग वर, तर अर्थ ‘सोळा अँपियर घे’. ५३ भाग वर, तर ‘बत्तीस घे’. ना इंटरनेट, ना ॲप, ना पासवर्ड. एका तारेवरची उघडझाप आणि तिच्यातला वेळेचा वाटा, एवढ्यावर हा करार होतो.

गाडी निरोप वाचते. तयारी झाली की दुसरा रेझिस्टर जोडून व्होल्टेज ९ वरून ६ वर आणते. त्याचा अर्थ ‘मी तयार, सोड’. तेव्हाच रिले खट्‌कन बंद होतो आणि मोठ्या पिनांत २३० व्होल्ट येतात. तो खट्‌ आवाज तुम्हाला भिंतीजवळ उभं राहून ऐकू येतो. त्याच्या आधीचं सगळं बोलणं मात्र आपल्या कानावर पडत नाही.

पण थांबा, समोर गाडीच आहे हे डब्याला कसं समजतं? गनमध्ये पावसाचं पाणी शिरलं, किंवा एखाद्या मुलानं आत बोट घातलं, तरी व्होल्टेज थोडं खाली येऊ शकतं. इथे ज्यानं डोकं चालवलं त्याला सलाम करावासा वाटतो. गाडीतल्या रेझिस्टरसोबत एक चिमुकला डायोड बसवलेला असतो. डायोड वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. त्यामुळे स्पंदनाचा वरचा भाग १२ वरून ९ किंवा ६ वर उतरतो, पण खालचा भाग उणे १२ वरच राहतो. पाणी किंवा बोट दोन्ही दिशांना सारखंच वागतं. ते दोन्ही बाजू शून्याकडे ओढेल. वर बदल आणि खाली बदल नाही, हे फक्त गाडीच करू शकते. काही पैशांच्या एका डायोडमुळे भिंतीवरचा डबा बोट आणि मोटार यांत फरक ओळखतो!

आणि गन काढताना? दोन्ही बारीक पिना मोठ्यांपेक्षा आखूड असतात. त्यामुळे गन ओढली की आधी बोलणं तुटतं, डब्याला ते कळतं, रिले उघडतो, आणि मोठ्या पिना सुटतात तेव्हा त्यांच्यात वीज उरलेलीच नसते. ठिणगी पडायला जागाच ठेवलेली नाही. पिनेची लांबी मिलिमीटरमध्ये कमी करून सुरक्षा साधलीये.

म्हणूनच पावसात गाडी चार्ज करता येते. पण बदलापुरात पावसाचा विषय छत्रीपाशी थांबत नाही. जुलै २०१९ मध्ये कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली होती आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. गाडीची बॅटरी बहुधा आयपी ६७ दर्जाची असते, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरते. भिंतीवरचे डबे बहुतेक आयपी ५४, ५५ किंवा ६५ चे. यातला दुसरा आकडा पाण्याचा. चार म्हणजे उडणारे शिंतोडे, पाच म्हणजे पाण्याचा फवारा. बुडणं त्यात येत नाही! म्हणून डबा बसवण्याआधी इमारतीतल्या जुन्या रहिवाशांना विचारा, की आपल्या स्टिल्टमध्ये पाणी कुठवर चढलं होतं. डबा, त्याचा एमसीबी आणि केबलचे जोड त्या खुणेच्या वर हवेत. सोसायटीची मीटर रूम तळमजल्यावर असेल, तर हीच चौकशी तिच्याबद्दलही करा.

आता तारेकडे वळू. खरेदीत सगळ्यात कमी विचार हिचाच होतो, आणि सगळ्यात जास्त काम तिचंच.

तारेतून करंट गेला की ती तापते. किती तापते? इथे निसर्गानं एक खोडी करून ठेवली आहे. करंट दुप्पट केला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. १६ अँपियरवर निवांत असलेली तीच तार ३२ अँपियरवर चौपट तापते. रेल्वेनं १५०० व्होल्ट सोडून २५,००० का गाठले, त्याचंही एक मोठं कारण हेच. व्होल्टेज जवळजवळ सतरा पट केलं की तेवढीच ताकद सतरा पट कमी करंटमध्ये पोचते. घरात व्होल्टेज वाढवण्याची सोय नाही. आपल्या हातात असते फक्त तारेची जाडी.

हिशोब करून बघू. मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत ४० मीटर अंतर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तांब्याची लांबी ८० मीटर. सहा चौरस मिलिमीटरची तार घेतली आणि ३२ अँपियर वाहू दिले, तर सुमारे २४० वॅट वाटेतच उष्णता होऊन जातात आणि साडेसात व्होल्ट तारेतच गळतात. त्याच तारेतून १६ अँपियर नेले, तर फक्त ६० वॅट. चार चौरस मिलिमीटरची तार टाकून पैसे वाचवले, तर ३२ अँपियरला ३६० च्या घरात. म्हणजे पाइपात बंद करून ठेवलेले तीन-चार जुने पिवळे बल्ब! उलट दहाची तार टाकली तर १४३ वर येतं. हा फरक दर रात्री, गाडी असेपर्यंत, तुमच्या बिलात पडत राहतो. तेव्हा डब्याच्या ब्रँडपेक्षा वायरमनला हे दोन प्रश्न विचारा: अंतर किती, आणि तार कितीची टाकतोस?

साध्या १६ अँपियरच्या पॉइंटवर चार्ज करणार असाल, तर तारेइतकाच सॉकेटही महत्त्वाचा. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गिझर पंधरा. गाडी मात्र रोज सलग तासन्‌तास ओढते. सॉकेटची पकड थोडी ढिली असेल, तर त्या एका बिंदूवर उष्णता साठते आणि प्लास्टिक काळं पडतं. चांगला औद्योगिक सॉकेट आणि त्याच्यासाठी वेगळा एमसीबी, एवढा खर्च करायलाच हवा.

अर्थिंग नसेल तर गाडी चार्जच होत नाही, हे बऱ्याच जणांना चार्जर आणल्यावर कळतं. केबलवर लाल दिवा लागतो आणि बस. जनरेटरवर किंवा इन्व्हर्टरवर जोडलं तरी अनेकदा हेच होतं. डब्याचा किंवा केबलचा त्यात दोष नसतो. आधी अर्थ शाबूत आहे का हे तो तपासतो आणि नसेल तर साफ नकार देतो. आपल्या भागात काळा खडक आणि मुरूम. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याची वीज पचवायची ताकद कमी होते. म्हणून सोसायटीच्या अर्थिंगचा ओम किती आहे हे अर्थ टेस्टरनं मोजून घ्या, आणि तेही एप्रिल-मे महिन्यात. भर पावसाळ्यात घेतलेलं माप गोड वाटतं.

अर्थच्या जोडीला उभा असतो आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पडणारा स्विच. याचं तत्त्व कमालीचं साधं आहे. जाणारी आणि येणारी तार एका लोखंडी कडीतून जातात. जेवढी वीज गेली तेवढीच परत आली, तर दोन्हींची चुंबकशक्ती एकमेकींना खोडून टाकते आणि कडी शांत राहते. त्यातली ३० मिलिअँपियर जरी कुणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेली, तर कडीत किंचित चुंबकत्व उरतं आणि तेच स्विच पाडतं. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत! त्यात ना चिप असते ना हिशोब. वजाबाकी चुंबकच करतो.

पण इलेक्ट्रिक गाडीनं या कडीपुढे एक नवीनच पेच टाकला. गाडीत डीसी आहे, आणि बिघाड झाला तर डीसीसुद्धा गळू शकते. डीसीचं चुंबकत्व एकाच दिशेचं, सतत तेच. ते कडीला भरून टाकतं आणि मग खरी एसी गळती आली तरी कडीला ती जाणवत नाही. म्हणजे ज्यानं वाचवायचं तोच आंधळा होतो! म्हणून चांगल्या डब्यात डीसी गळती पकडणारं वेगळं यंत्र असतं. सहा मिलिअँपियर दिसले की ते वीज तोडतं. खरेदी करताना ‘सहा मिलिअँपियर डीसी डिटेक्शन आहे का’ असं विचारा आणि त्याच्या मागे किमान टाइप ए प्रकारचा आरसीसीबी लावून घ्या. जुन्या घरांत टाइप एसीचे आरसीसीबी सापडतात. या कामाला ते पुरत नाहीत.

आता कागद. पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायचा तर वीज आणणार कुठून? एक मार्ग, तुमच्या घरच्या मीटरवरून केबल खाली आणायची. पण महिन्याला पंचवीस दिवस, साडेअकरा युनिट, म्हणजे तीनशेच्या जवळ युनिट आणखी. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे असे चढत जातात. दीडशे युनिट वापरणारं घर गाडी येताच वरच्या टप्प्यात जाऊन बसतं. दुसरा मार्ग, गाडीसाठी वेगळं कनेक्शन. त्याच्या दरात असे टप्पे नसतात, पण स्थिर आकाराचा वेगळा हिशोब असतो. कागद-पेन्सिल घेऊन दोन्ही मांडून बघा. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले. त्यानुसार सोसायटीत राहणाऱ्यालाही गाडीसाठी स्वतंत्र कनेक्शन मागता येतं. त्याच बदलात नवीन कनेक्शनची मुदतही कमी झाली: नगरपालिका क्षेत्रात सात दिवस. शिरगाव कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत येतं.

सगळ्यात उलटीपालटी झाली आहे ती घड्याळात. पूर्वी कारखान्यांना रात्रीची वीज स्वस्त असायची, कारण रात्री मागणी कमी. आता राज्यात सौरऊर्जा वाढली आणि दुपारी वीज ओसंडून वाहू लागली. २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत सुरू झाली. स्वस्ताई मध्यरात्रीकडून भर दुपारकडे सरकली! घरून काम करणाऱ्याची, किंवा शनिवारी-रविवारी उभी असलेली गाडी दुपारी चार्ज करणं शहाणपणाचं ठरतं.

शेवटी सोसायटीच्या सभेत हमखास निघणारी शंका. सेक्रेटरी म्हणतील, ‘आज एक गाडी, उद्या चाळीस झाल्या तर? ट्रान्सफॉर्मर उडेल.’ शंका रास्त आहे. चाळीस गाड्या, प्रत्येकी ७.२ किलोवॅट, एकाच वेळी लावल्या तर २८८ किलोवॅट होतात. पण त्यांना लागतं किती? चाळीस गुणिले साडेअकरा, म्हणजे ४६० युनिट. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तासांत वाटून दिले तर लागतात फक्त ५८ किलोवॅट. पाचवा हिस्सा! आणि वाटून कोण देणार? तीच हजार स्पंदनं. प्रत्येक डब्याला स्पंदनाची रुंदी चालू चार्जिंगमध्येही बदलता येते. सगळे डबे एका नियंत्रकाला जोडले, की रात्री अकराला लिफ्ट, पंप आणि एअर कंडिशनर जोरात असताना तो सगळ्या गाड्यांना ‘सहा अँपियरवर थांबा’ सांगू शकतो आणि दोन वाजता इमारत झोपली की पुन्हा सोडू शकतो. गाडीवाल्याला याचा पत्ताही लागत नाही. त्याची बॅटरी सकाळी भरलेली असते.

म्हणून एकेकट्यानं मोठा डबा घेऊन लोड वाढवत बसण्यापेक्षा, एकमेकांशी बोलू शकणारे डबे निवडायचे, केबलसाठी एकच ट्रे टाकायचा आणि अर्थिंग एकत्र करून घ्यायचं, हे सोसायटीनं आधीच ठरवावं. पुढच्या सभेत ट्रान्सफॉर्मरचा विषय निघायच्या आत हा २८८ आणि ५८ चा भागाकार फळ्यावर मांडा. भांडण अर्धं तिथेच संपेल आणि उरलेल्या वेळात तार कितीची टाकायची, यावर बोलता येईल.